‘आम्हाला माहीत नव्हतं’ : शिगम्यातल्या एका चित्ररथाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण डिचोली तालुक्यातल्या एका गावाचं आहे. गावाचं, मंडळाचं, माणसांचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी गावातल्याच मराठी शाळेत बावीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर मंडळाच्या चित्ररथाचं निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यामुळे जे झालं त्यात माझाही हात आहे, आणि तो नेमका कुठे होता ते पुढे येईल.

शिगमा म्हणजे गोव्यातला होळीच्या दिवसांतला सण. आमच्या गावात शिगमे दोन. एक मांडावरचा, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र जागेवरचा. नमन कसं घालायचं, मेळ कुणाच्या घरी आधी जायचा, हे वाडवडिलांनी ठरवलेलं, त्यात कुणी हात घालत नाही. दुसरा शहरातल्या मिरवणुकीचा. तिथे रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारे मेळ), लोकनृत्य, वेशभूषा आणि चित्ररथ यांच्या स्पर्धा असतात, परीक्षक असतात, बक्षिसं असतात. चित्ररथाला दरवर्षी नवा विषय लागतो आणि नवा विषय म्हणजे नवी वेशभूषा.

त्या वर्षी विषय ठरला गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीचा सत्याग्रह. १५ ऑगस्ट १९५५ रोजी भारतातून निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, कर्नैल सिंग यांच्यासारखे तरुण तिथेच पडले. गोव्यातल्या माणसाला हा विषय सांगावा लागत नाही. ट्रॉलीवर थर्माकोलचं रान, मध्ये तिरंगा, एका बाजूला टोपीवाले सत्याग्रही आणि दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज शिपाई अशी रचना होती. तालमीच्या तिसऱ्या-चौथ्या रात्री कुणीतरी म्हणालं, ‘खापरी सोल्जर पाहिजेत, त्याशिवाय रंग भरणार नाही.’ सगळ्यांना पटलं. पोर्तुगीजांनी मोझांबिकमधून आफ्रिकी शिपाई गोव्यात आणले होते ही गोष्ट खरीच आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना ते आठवतात.

सहा मुलगे निवडले. मेकअपवाल्याने काळी पावडर खोबरेल तेलात कालवली. ओठांना दुप्पट जाडीची लाल लिपस्टिक, डोक्यावर काळ्या लोकरीचे कुरळे टोप, कमरेला माडाच्या चुडत्यांचे पट्टे, गळ्यात थर्माकोलची हाडं. बंदुका कुणाच्याच हातात नव्हत्या, भाले होते. भाला नाचवून ते विचित्र आवाज काढायचे आणि तालीम बघायला आलेली पोरं हसून लोळायची.

माझ्या निवेदनात ओळ होती: ‘पाखल्यांनी आणले काळे खापरी, सत्याग्रहींच्या मानेवर चालवली सुरी.’ पाखले म्हणजे पोर्तुगीज. यमक जुळलं म्हणून मी खूश होते.

समस्या

गावात एक सिद्दी कुटुंब आहे. बाई हल्याळकडची, नवरा ट्रक चालवतो, ती काजू कारखान्यात कामाला. घरात कोकणी, मुलगी मराठी शाळेत शिकलेली, तेव्हा नववीत. माझ्या हाताखाली तिने पहिली-दुसरी केली. फुगडीत तिच्यासारखी गिरकी घेणारी दुसरी मुलगी गावात नाही.

सिद्दी कुठून आले हे सांगायला हवं, कारण पुढे सगळा वाद त्याच्याभोवती फिरला. पोर्तुगीजांच्या राज्यात आफ्रिकेतून गुलाम आणून गोव्यात विकले जात. लिन्सखोटेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. जुन्या गोव्यातल्या रुआ दिरैता या मुख्य रस्त्यावर भरणाऱ्या लिलावाचं त्याने वर्णन केलंय, त्यात घोडे आणि कापड यांच्याबरोबर माणसंही विकायला असत. त्यातले कितीतरी जण पळाले आणि घाट चढून यल्लापूर, हल्याळ, सुप्याच्या रानात जाऊन राहिले. आजच्या उत्तर कन्नडमधल्या सिद्दींत त्यांचे वंशज मोठ्या संख्येने आहेत. २००३ मध्ये त्यांना तिथे अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. गोव्याच्या स्वतःच्या अनुसूचित जमातींच्या यादीतही सिद्दी हे नाव आहे. म्हणजे ज्या पोर्तुगीजांविरुद्ध आमचा चित्ररथ होता, त्यांच्याच तावडीतून या बाईचे पूर्वज सुटले होते.

तालमीच्या पाचव्या रात्री मुलगी मैत्रिणींबरोबर बघायला गेली. रंगवलेल्या मुलांपैकी एकाने तिला हाक मारली, ‘तुका रंग लावचो पडचो ना, तूं अशीच यो.’ सगळे हसले. ती पण हसली म्हणे. घरी जाऊन जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची आई माझ्या सोप्यावर आली. बसली नाही. एवढंच विचारलं, ‘बाई, गाणं तुम्ही लिहिलंत?’ मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘खापरी हा शब्द तुम्हीच लिहिलात?’ मी पुन्हा हो म्हटलं. मग ती म्हणाली, ‘माझ्या पोरीला तुम्ही अक्षरं शिकवलीत.’ आणि गेली.

तो शब्द कुठून आला हे मला ठाऊक होतं. पोर्तुगीज ‘काफ्र’, त्याच्या मागे अरबी ‘काफिर’. याच शब्दाचं दक्षिण आफ्रिकेतलं रूप तिथे इतकं जहरी मानतात की २०१८ मध्ये एका कृष्णवर्णीय पोलिसाला त्या शब्दाने शिव्या घातल्याबद्दल एका गोऱ्या बाईला तुरुंगवासाची शिक्षा झाली. हे सगळं मी वाचलेलं होतं. ओळ लिहिताना मात्र ते आठवलं नाही, कारण आठवायची मला गरज वाटली नाही.

मंडळाची बैठक

मी अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी बैठक बोलावली, ती गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता. त्या वेळी काजू कारखान्याची पाळी सुटलेली नसते हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, तिला बोलवूया. उत्तर आलं, ‘घरगुती विषय आहे बाई, तिला कशाला त्रास?’ मी गप्प बसले. पुढे ज्या चुका झाल्या त्यांची सुरुवात इथे झाली, असं आज मला वाटतं.

बैठकीत पहिला मुद्दा आला तो इतिहासाचा. ‘खापरी सोल्जर होते की नव्हते? मग दाखवायचे नाहीत का?’ मुद्दा वजनदार होता. पण बैठकीत एक नव्वदीचे आजोबा होते. लहानपणी त्यांनी ते शिपाई पाहिले होते. ते म्हणाले, ‘मी त्यांना भ्यायचो. मारायचे ते. पण खाकी घालायचे, पायांत बूट असायचे, खांद्याला बंदूक. चुडतं गुंडाळलेला सोल्जर मी काय पाहिला नाही.’ सगळे शांत झाले. मग कुणीतरी म्हणालं, ‘आजोबा, लोकांना कळायला नको?’ आणि विषय पुढे सरकला.

त्या एका वाक्यात सगळं होतं. इतिहास दाखवायचा असता तर खाकी पुरली असती. चुडतं, हाडं, जाड ओठ हे इतिहासातून आलेलं नव्हतं, ते आणलं होतं हसवण्यासाठी आणि भिववण्यासाठी. गोऱ्या शिपायाला कुणी पांढरा रंग फासला नव्हता. त्याला फक्त टोपी आणि गणवेश दिला होता, आणि तो लोकांना बरोबर कळत होता.

दुसरा मुद्दा: ‘आपण वर्णद्वेषी कसे? साडेचारशे वर्षं आपणच गोऱ्यांची लाथ खाल्ली. आपला विठ्ठल काळा, कृष्ण काळा.’ हे बोलणाऱ्याला मी चांगली ओळखते, मनाने सरळ माणूस. पण विठ्ठलाचं सावळेपण आपण आरतीत गातो, त्याच्याकडे बोट दाखवून पोरं हसत नाहीत. आणि ज्याने लाथ खाल्ली तो दुसऱ्याला लाथ मारूच शकत नाही, असं कुठे आहे? २०१३ च्या ऑक्टोबरात पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. गोव्याला त्यातलं महामार्ग अडवल्याचं तेवढं आठवतं, खून विसरला. एका मंत्र्याने तेव्हा नायजेरियनांना कॅन्सरची उपमा दिली होती आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली होती. आमच्या बैठकीत पर्वरीचा उल्लेख दोनदा झाला, दोन्ही वेळा ‘त्या लोकांनी काय केलं ते विसरू नका’ अशा अर्थाने. हल्याळच्या बाईचा नायजेरियाशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही.

मंडळातल्या एका तरुणाचा भाऊ हॉलंडला कामाला असतो. त्याने ‘काळ्या पीट’ची गोष्ट सांगितली. तिथे डिसेंबरातल्या सिंट निकोलासच्या सणात त्याचा मदतनीस म्हणून लोक तोंडं काळी करून, ओठ लाल रंगवून, कुरळे टोप घालून फिरायचे. विरोध झाला तेव्हा उत्तरं ठरलेली होती: मुलांचा सण आहे, परंपरा आहे, ती तर चिमणीतली काजळी. पण काजळीने ओठ जाड होत नाहीत आणि केस कुरळे होत नाहीत. कित्येक वर्षं ‘यात वंशाचा काही संबंध नाही’ असं म्हणणारे पुष्कळ होते. २०२० च्या जूनमध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांनी संसदेत सांगितलं की आपलं मत बदललं आहे, आणि त्याचं एक कारण दिलं ते त्या पीटमुळे आपल्याला भेदभाव जाणवतो असं सांगणारी लहान मुलं त्यांना भेटली हे. आमच्या तरुणाने ही गोष्ट फार तळमळीने सांगितली. अध्यक्ष म्हणाले, ‘ते गोरे. त्यांचं वेगळं.’

सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य मात्र वेगळंच होतं: ‘आमच्या मनात तसं काही नाही, आणि तिला वाईट वाटत असेल हे आम्हाला माहीत नव्हतं.’ पहिल्या रात्री हे खरं असेल. बैठकीपर्यंत मी दोनदा सांगितलं होतं. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही, असं आपण म्हणतो. इथे सोंगसुद्धा नव्हतं, सगळे टक्क जागे होते. फक्त त्या एका घराकडे तोंड करायचं नाही याची प्रत्येकाने काळजी घेतली होती: पाच वाजताची वेळ, ‘तिला कशाला त्रास’, ‘घरगुती विषय’. माहीत नसणं आपोआप टिकत नाही, ते टिकवावं लागतं. आम्ही ते नीट टिकवलं.

समोर असलेले पर्याय

सहा मुलांना तसंच ठेवायचं, हा पहिला. आफ्रिकी शिपाई दाखवायचेच नाहीत, हा दुसरा. तो मला तेव्हा सोपा वाटला, आज वाटत नाही, कारण ते शिपाई इतिहासात होते आणि त्यांना पुसणं हेही एक प्रकारचं न बघणंच झालं असतं. तिसरा पर्याय आजोबांच्या बोलण्यातून निघत होता: रंग नाही, खाकी गणवेश, आणि निवेदनात दोन ओळी की मोझांबिकचा शिपाईही त्याच राज्याचा गुलाम होता. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. मोझांबिकला स्वातंत्र्य मिळायला २५ जून १९७५ उजाडावं लागलं. हे निवेदनात आलं असतं तर चित्ररथ मोठा झाला असता, पण मिरवणुकीला पाच दिवस होते आणि गणवेश भाड्याने आणायचा खर्च कुणी उचलायचा हे ठरेना. चौथा पर्याय, मायलेकींना बोलावून विचारायचं, हा पर्याय म्हणून मांडलाच गेला नाही. मीही मांडला नाही.

काय केलं

तडजोड झाली. हाडं काढायची, विचित्र आवाज बंद, ‘खापरी’च्या जागी ‘आफ्रिकी’. रंग, टोप आणि चुडतं राहणार. मला वाटलं, निम्मं तरी मिळालं. मी दुसरं यमक जुळवून दिलं.

मिरवणुकीत चित्ररथ चांगला झाला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक सहा जणांकडे बघून ‘नायजेरियन, नायजेरियन’ ओरडत होते. माझं बदललेलं निवेदन ताशांच्या आवाजात कुणाला ऐकूही गेलं नाही. शब्द बदलून चित्र बदलत नाही, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

रात्री परतताना टेम्पो त्या घरावरून गेला. मुलांनी तोंडं धुतली नव्हती. दोघे खाली उतरले आणि फाटकाशी उभे राहून भाले आपटत ‘ओस्सय, ओस्सय’ ही शिगम्यातली आरोळी ठोकू लागले. घरातला दिवा विझला. एका मुलाने त्याचा व्हिडिओ काढला आणि दोन दिवसांत तो तालुकाभर फिरला.

मग पणजीतल्या काही तरुणांनी मंडळावर टीका केली आणि मंडळाचा पवित्रा बदलला. तोवर जे लोक थोडे अस्वस्थ होते ते ताठर झाले. ‘बाहेरचे आम्हाला शिकवणार?’ आता वाद गावाच्या अब्रूचा झाला आणि मुलगी त्यातून गायबच झाली. टीका करणाऱ्यांचं म्हणणं मला पटत होतं. तरी त्यांच्यापैकीही कुणी त्या घरी गेलं नाही, हेही लिहायला हवं.

मंडळाने लेटरहेडवर पत्रक काढलं: ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही दिलगिरी व्यक्त करतो.’ मसुदा माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला आला. मी ‘असतील तर’ खाली रेघ मारली. म्हटलं, फाटकाशी दिवा विझला तो सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलाय, इथे ‘तर’ कशाला? आणि ‘कुणाच्या’ म्हणजे कोणाच्या? गावात ते एकच घर आहे. अध्यक्ष म्हणाले, ‘बाई, नाव घातलं तर कबूल केल्यासारखं होतं.’ या वेळी मी सही न करता कागद परत दिला. पत्रक तसंच गेलं.

दोन मुलांपैकी एकाची आई त्याला हाताला धरून त्या घरी घेऊन गेली. तो म्हणाला, ‘फकाणां म्हूण केल्लें, मनाक लावन घेवंक नाका.’ म्हणजे गंमत म्हणून केलं, मनाला लावून घेऊ नका. मुलीच्या आईने त्याला चहा दिला. मग म्हणाली, ‘बाबा, मनाला कुठे लावायचं आणि कुठे नाही, ते तू मला सांगू नकोस.’ त्या मुलाने हे स्वतः मला सांगितलं. सांगताना तो रडत होता.

आज वेगळं काय केलं असतं

बाई सोप्यावर आली त्याच संध्याकाळी मी तिच्याबरोबर तिच्या घरी जायला हवं होतं. मी अध्यक्षांकडे गेले. मला वाटलं प्रश्न मंडळाचा आहे, तिथेच सुटेल. पण मंडळाला उत्तर नको होतं आणि ज्या घराकडे उत्तर होतं तिथे मी तिसऱ्या आठवड्यात पोचले. तोवर तिला माझ्याकडून काही नको होतं.

बैठकीची वेळ बदलल्याशिवाय मी बैठकीला बसायला नको होतं. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय तोच होता. साडेसहाची वेळ ठेवली असती तर तिच्या तोंडावर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायला किती जण धजले असते?

तडजोडीबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. निम्मं मिळवल्यामुळे मी उरलेल्या निम्म्याची भागीदार झाले. नकार दिला असता तर निवेदन दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, ‘खापरी’सकट. तरीही आजोबांचं वाक्य हवेत विरू द्यायला नको होतं. त्यांच्याजवळ बसून, खाकी कशी होती, टोपी कशी होती, हे त्यांच्याकडून तिथल्या तिथे वदवून घेतलं असतं तर ‘इतिहास’ म्हणणाऱ्यांना इतिहासानेच अडवलं असतं.

सहा मुलांचं काय? त्यांना आम्ही रंग फासला, टाळ्या दिल्या, आणि फाटकाचा प्रकार झाल्यावर ‘पोरं वाया गेली’ म्हणून हात झटकले. भाला त्यांच्या हातात आम्हीच दिला होता.

सध्याची स्थिती

पुढच्या वर्षी मी आक्विनो द ब्रागान्सा हा विषय सुचवला. बार्देशात १९२४ मध्ये जन्मलेला हा गोंयकार मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरला, मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचा सल्लागार झाला आणि १९८६ मध्ये त्यांच्याच विमान अपघातात गेला. ‘कोण ओळखणार त्याला?’ म्हणून विषय पडला. पौराणिक चित्ररथ केला. काळा रंग वापरला नाही. का, असं विचारलं की अध्यक्ष सांगतात, ‘उगाच वाद नको म्हणून.’ चुकलं होतं म्हणून, असं ते अजून म्हणालेले नाहीत.

मुलगी दहावी झाली, अकरावीला डिचोलीला जाते. मेळाबरोबर ती पुन्हा गेली नाही. मागच्या शिगम्यात मेळ त्यांच्या अंगणात आला तेव्हा आईने नारळ ठेवला, पाया पडली. मुलगी खिडकीत उभी होती.

मंडळाच्या सामानाची नोंदवही हल्लीच नव्याने उतरवून काढली. जुन्या वहीत ‘खापरी केस – ६ नग’ अशी नोंद होती. मी ती खोडून ‘लोकरी टोप – ६ नग’ लिहिलं होतं. नवी वही एका विशीतल्या मुलाने सुंदर अक्षरात लिहिली आहे. अकराव्या पानावर आहे: ‘खापरी केस – ६ नग, चालू स्थितीत.’